तालुक्याच्या गावी रोटरी क्लब चालवताना : साप्ताहिक सभा, रक्तदान शिबिर आणि नंतरचा चहा

१ जुलैला रोटरीचे वर्ष बदलते. पदग्रहण समारंभात मावळते अध्यक्ष आपली कॉलर, म्हणजे अध्यक्षपदाची माळ, नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात, फोटो निघतात, जेवण होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सचिवाच्या हाती एक पितळी घंटा, एक फाइल आणि सदस्यांची यादी एवढेच उरते. पुढे काय करायचे, हे त्या फाइलमध्ये सहसा नसते. तालुक्याच्या गावातला चाळीस-एक सदस्यांचा क्लब दोनदा सचिव आणि एकदा अध्यक्ष म्हणून चालवताना जे कळले, ते पहिल्यांदाच पद घेणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे. लायन्स किंवा जायंट्स अशा इतर सेवा क्लबांमध्ये पदांची नावे वेगळी असतील. अडचणी बहुतेक याच असतात.

सभा नीट चालली, तर बाकीचे सुचते

नव्या अध्यक्षांची पहिली चूक ठरलेली असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच ते वर्षभराच्या वीस प्रकल्पांची यादी वाचून दाखवतात आणि साप्ताहिक सभेकडे मात्र उरकण्याचे काम म्हणून पाहतात. प्रत्यक्षात क्लब उभा राहतो तो सभेवर. १९०५ साली २३ फेब्रुवारीला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना घेऊन पहिली बैठक भरवली, तेव्हा कोणताही प्रकल्प डोळ्यांसमोर नव्हता. मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या व्यावसायिकांना गावाकडच्यासारखी ओळखपाळख हवी होती, इतकेच. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात होई, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. सेवा त्यामागून आली. हा क्रम आजही उलटा करता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

२०१६ सालापासून क्लबने महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी नियमात बसते. ही सवलत शक्यतो घेऊ नये. पंधरा दिवसांनी होणारी सभा एकदा चुकली की सदस्य महिनाभर दिसत नाही आणि महिनाभर न दिसलेल्या माणसाला शिबिराच्या आदल्या रात्री खुर्च्या लावायला बोलावताना आपल्यालाच संकोच वाटतो. वार आणि वेळ ठरवताना गावातला बाजाराचा दिवस टाळावा, दुकाने किती वाजता बंद होतात ते पाहावे आणि एकदा ठरवलेला वार वर्षभर हलवू नये. आमच्याकडे मंगळवार, रात्री साडेआठ, असे होते. साडेआठ म्हणजे साडेआठ. समोर सहाच जण असले तरी घंटा वाजवावी. दोन-तीन आठवडे सहा जणांसमोर घंटा वाजली की चौथ्या आठवड्यात माणसे वेळेवर येऊ लागतात.

सभा एका तासात संपली पाहिजे. स्वागत, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, सचिवांच्या सूचना, वक्त्यांची ओळख, पंचवीस मिनिटांचे भाषण, दोन-चार प्रश्न, आभार आणि राष्ट्रगीत, एवढे त्यात व्यवस्थित बसते. वेळ खातात ती ओळख आणि आभार ही दोन कलमे. वक्त्यांच्या पदव्यांची यादी वाचण्याऐवजी त्यांना आज का बोलावले, हे तीन वाक्यांत सांगावे. आभार मानणाऱ्याने भाषणाचा सारांश पुन्हा सांगू नये. माजी अध्यक्षांपैकी एखाद्यांना दर सभेत ‘दोन शब्द’ बोलायचे असतात. त्यांना आधीच भेटून एखादा महिना पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवावा. ते खूश होतात आणि बाकीचे महिने मोकळे मिळतात.

वक्ता दर आठवड्याला बाहेरूनच आणायचा, हा हट्ट धरू नये. महिन्यातली एक सभा सदस्यांच्या स्वतःच्या व्यवसायासाठी ठेवावी. रोटरीत त्याला क्लासिफिकेशन टॉक म्हणतात. प्रत्येकाने आपला धंदा कसा चालतो, हे पंधरा मिनिटांत सांगायचे. आमच्यातल्या मोटर रिवाइंडिंगचे दुकान असलेल्या एका सदस्याला व्यासपीठाची भीती वाटायची. खूप आग्रह केल्यावर ते जळलेल्या मोटरचे वेटोळे पिशवीत घालून घेऊन आले आणि ते टेबलावर ठेवून बोलू लागले. काळी पडलेली तांब्याची तार कुठून जळायला सुरुवात होते, हे दाखवता दाखवता ते सहज म्हणाले की, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मोटरी दुरुस्तीला येतात, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बंद पडून असतात आणि शाळा उघडण्याच्या दिवशी बटण दाबताच जळतात. म्हणजे शाळा सुरू होते आणि पहिले पंधरा दिवस स्वच्छतागृहात पाणी नसते. आम्ही सगळे याच गावात राहत होतो, पण हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी मेच्या अखेरीस आम्ही तालुक्यातल्या अकरा शाळांच्या मोटरी शाळा उघडण्याआधी तपासून घेतल्या. खर्च किरकोळ आला. बाहेरचा कोणताही नामांकित वक्ता हा प्रकल्प देऊन गेला नसता.

फेलोशिप म्हणजे काय

आपल्याकडच्या क्लबांमध्ये ‘सभेनंतर फेलोशिप आहे’ याचा अर्थ ‘सभेनंतर जेवण आहे’ असा होतो. तो अर्थ अगदीच चुकीचा नाही, पण जेवणाचा थाट वाढला की वर्गणी वाढते आणि वर्गणी वाढली की प्राथमिक शिक्षक, फोटोग्राफर, लहान दुकानदार असे सदस्य काही न बोलता गळू लागतात. राजीनाम्यात ते ‘वैयक्तिक अडचण’ असे लिहितात. तीन आठवडे चहा-पोहे किंवा मिसळ आणि महिन्यातून एकदा कुटुंबासह जेवण, हे प्रमाण सर्वांना परवडते. कुटुंबाची सभा एखाद्या सदस्याच्या शेतावर हुरड्याच्या दिवसांत घ्यावी; हॉटेलच्या हॉलमध्ये जे दोन वर्षांत घडत नाही, ते शेकोटीभोवती एका संध्याकाळी घडते. मद्यपानाचा कार्यक्रम क्लबच्या नावाने आणि क्लबच्या खर्चाने करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यावरून मी काहींचा रोषही ओढवून घेतला आहे.

रोटरीत महिलांना सदस्यत्व १९८९ पासून जगभर खुले झाले. तरीही अनेक क्लबांत ‘सदस्य आणि त्यांच्या अ‍ॅन’ अशीच भाषा चालते. सदस्याच्या पत्नीला अ‍ॅन म्हणण्याची ही प्रथा महिला सदस्यांच्या यजमानांना काय म्हणायचे, या प्रश्नाशी येऊन अडखळते आणि तिथे दर वेळी तोच विनोद होतो. निमंत्रणपत्रिकेवर सरळ ‘सदस्य आणि कुटुंबीय’ असे छापावे.

नवा सदस्य टिकतो की नाही, हे पहिल्या तीन महिन्यांत ठरते. ज्याने त्याचे नाव सुचवले, त्याने पहिल्या आठ सभांना त्याच्या शेजारी बसावे. जुने सदस्य नकळत आपापल्या कोपऱ्यात बसतात आणि नवा माणूस मोबाइल पाहत राहतो. त्याला लगेच काहीतरी काम द्यावे. सार्जंट अ‍ॅट आर्म्स हे पद त्यासाठी फार चांगले आहे: दारात उभे राहून प्रत्येकाचे स्वागत करायचे, घंटा, बॅनर, ध्वनिक्षेपक जागेवर आहे ना ते पाहायचे. महिनाभरात त्याला चाळीस नावे पाठ होतात. सलग तीन सभांना न आलेल्या सदस्याला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा, किंवा संध्याकाळी त्याच्या दुकानात डोकवावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरचा संदेश या कामी येत नाही. अशा एका भेटीत आम्हाला कळले की, आमच्या सदस्याच्या आईची डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू होती आणि त्यातला एक दिवस नेमका मंगळवार होता. त्यानंतर मंगळवारी गाडी घेऊन जायला आम्ही पाळी लावली.

प्रकल्प निवडताना

एखादी वस्तू वाटून फोटो काढणे सोपे असते आणि म्हणूनच ते सगळेच करतात. जूनमध्ये रस्त्यालगतच्या एकाच शाळेत चार संस्थांच्या वह्या पोहोचतात आणि वाडीवरच्या शाळेत एकाही संस्थेच्या पोहोचत नाहीत. प्रकल्प ठरवण्यापूर्वी मुख्याध्यापक, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि आशाताई यांना भेटावे. ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारू नये, कारण उत्तर हमखास ‘संगणक’ असे येते. ‘गेल्या वर्षी काय बंद पडले’ असे विचारावे.

वस्तू द्यायचीच असेल, तर तिची देखभाल कोण करणार, हे आधी कागदावर यावे. आम्ही एका शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र थाटात दिले होते. आठ महिन्यांनी सहज गेलो, तेव्हा फिल्टर तुंबलेला होता, नवा बसवायला शाळेकडे पैसे नव्हते आणि यंत्रावर खडूंचे खोके ठेवलेले होते. वर आमच्या क्लबच्या नावाची पाटी मात्र लखलखीत होती. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून अशा कोणत्याही यंत्राच्या किमतीबरोबर तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढायची आणि दर सहा महिन्यांनी एका सदस्याने जाऊन पाहायचे, असा ठराव केला.

सरकारी यंत्रणेला वगळून समांतर काही उभे करण्यापेक्षा तिच्या कमी पडणाऱ्या जागी उभे राहणे चांगले. पोलिओचे काम याच रीतीने झाले. रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. भारतात लस सरकारच्या आरोग्य विभागाने पाजली. क्लबांनी बूथ, माणसे, वाहने, प्रचार आणि निधी पुरवला. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. एकच काम तीस वर्षे धरून ठेवल्याचा हा परिणाम होता. दर वर्षी नव्या अध्यक्षाने नवा प्रकल्प काढला असता, तर तो दिसला नसता.

रक्तदान शिबिर, जरा तपशिलाने

रक्तदान शिबिर प्रत्येक क्लब घेतो, म्हणून ते कसे घ्यावे हे कोणी विचारत नाही. सर्वांत महत्त्वाचा निर्णय तारखेचा असतो. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, गणेशोत्सव आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवशी गावोगावी शिबिरे होतात. मे महिन्यात मात्र महाविद्यालये बंद असतात, तरुण गावाला गेलेले असतात, ऊन असते, लग्नसराई असते आणि रक्तपेढीची कपाटे रिकामी होतात. दिवाळीच्या सुट्टीतही तसेच होते. साध्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, विशेष द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट अवघे पाच दिवस. त्यामुळे जयंतीच्या दिवशी तीनशे बाटल्यांचा विक्रम करण्यापेक्षा मेच्या चौथ्या आठवड्यातल्या साठ बाटल्या रुग्णाच्या अधिक उपयोगी पडतात. विक्रमी आकड्याची बातमी मोठी येते, हे खरे.

तारखेचा हिशेब आणखी एका कारणासाठी करावा लागतो. दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० दिवसांचे आणि महिलांसाठी १२० दिवसांचे अंतर लागते. १४ एप्रिलला ज्याने रक्त दिले, तो १३ जुलैपर्यंत पुन्हा देऊ शकत नाही. शिवजयंतीला दिलेला पुरुष रक्तदाता २० मेच्या सुमारास पात्र होतो. म्हणून फेब्रुवारीत शिबिर घेणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना एप्रिलमध्येच भेटावे आणि त्यांच्या रक्तदात्यांना मेच्या अखेरच्या रविवारचे निमंत्रण द्यावे. पत्रिकेवर त्यांच्या मंडळाचे नाव आपल्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापले, तर माणसे येतात.

रक्तसंकलन परवानाधारक रक्तपेढीच करू शकते. तिला किमान महिनाभर आधी पत्र द्यावे आणि अपेक्षित रक्तदात्यांची संख्या फुगवून सांगू नये, कारण त्यावर त्यांचे डॉक्टर, तंत्रज्ञ आणि पिशव्या ठरतात. जागा तळमजल्यावरचीच घ्यावी. एका वर्षी आम्हाला फुकट मिळाला म्हणून पहिल्या मजल्यावरचा हॉल घेतला. रक्त देऊन उतरणारा एक धट्टाकट्टा तरुण जिन्याच्या वळणावर डोळे फिरून खाली बसला. मागून येणाऱ्याने धरले म्हणून निभावले. पंखे, पिण्याचे पाणी, चालू असलेले विजेचे प्लग आणि नोंदणी, तपासणी, संकलन, अल्पोपाहार यांसाठी एकाच दिशेने पुढे सरकणारी रांग, एवढे पाहिले की जागा झाली. सहा खाटा आणि चार तास यांत साठ-सत्तर रक्तदाते घाई न होता होतात. मे महिन्यात शिबिर सकाळी आठला सुरू करून बाराला संपवावे.

पात्रतेचे ठळक निकष पत्रिकेतच छापावेत: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलेल्यांना थांबावे लागते, हेही लिहावे, म्हणजे माणसे हेलपाटा घालत नाहीत. उपाशीपोटी कोणालाही खाटेवर जाऊ देऊ नये. ‘सकाळी उठून तसाच आलो’ असे सांगणारे दर शिबिरात आठ-दहा निघतात. त्यांच्यासाठी पोहे आणि पाणी नोंदणीच्या टेबलाजवळच ठेवावे.

तपासणीच्या टेबलाशी जरा वेळ उभे राहावे. तंत्रज्ञ बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब झरकन तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे. तो मध्येच रेंगाळला किंवा वर तरंगला तर रक्तदात्याला परत पाठवले जाते. आमच्या शिबिरात आलेल्या बचत गटाच्या एकोणीस महिलांपैकी अकरा जणींचे थेंब असे रेंगाळले. हौसेने नटून आलेल्या त्या बायका ओशाळून बाहेर जाऊन बसल्या आणि आम्ही आकडा कमी झाल्याची हळहळ करत राहिलो. त्यांना नुसते परत पाठवणे बरोबर नव्हते, हे आमच्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ सदस्येच्या लक्षात आले. तिने त्याच दुपारी त्यांची नावे लिहून घेतली, आठवडाभरात आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू करून दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठेवली. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले वाक्य आम्ही भाषणांत अनेकदा ऐकले होते. पुढच्या वर्षापासून शिबिरात दुसरे टेबल लावले: ज्यांचे रक्त घेता येत नाही, त्यांच्यासाठी.

भेटवस्तूबद्दल मतभेद होतात. हेल्मेट किंवा डबा ठेवला की गर्दी वाढते, हे मी पाहिले आहे; पण वस्तूच्या ओढीने आलेला माणूस आपला आजार किंवा गेल्या महिन्यातले रक्तदान लपवण्याचा धोका असतो. १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेण्यावर देशात बंदी आहे आणि महागडी भेट ही त्याच वाटेवरची पायरी वाटते. प्रमाणपत्र, चहा आणि मनापासून विचारपूस पुरे. प्रत्येक रक्ताची एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि ‘क’, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तिचे निकाल रक्तपेढी आणि रक्तदाता यांच्यातले असतात. क्लबच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याने, डॉक्टर असला तरी, ते मागू नयेत.

शिबिर संपल्यावर रक्तपेढीच्या तंत्रज्ञांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये. सकाळी सहाला निघालेली ती मंडळी असतात. आपल्याच सदस्यांनी फोटोसाठी सुरुवातीला गर्दी करून नंतर पसार होण्याची रीत असेल, तर खुर्च्या उचलण्याच्या कामाची यादी आदल्या मंगळवारीच वाचून दाखवावी आणि पहिले नाव अध्यक्षांचे असावे.

पैसा

क्लबचा चालू खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवावा आणि लोकांकडून प्रकल्पासाठी आलेली देणगी वेगळ्या खात्यात ठेवावी. सभेचा चहा देणगीतून कधीही जाऊ नये. दोन्ही खात्यांवर दोन सह्या असाव्यात. क्लबचा नोंदणीकृत न्यास असेल, तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते, मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआयचा आग्रह धरावा. हिशेब वर्षाअखेरीची वाट न पाहता दर तिमाहीला सभेत वाचावा.

खरेदी सदस्याच्याच दुकानातून करायची की नाही, हा प्रश्न दर क्लबमध्ये येतो. रोटरीची चतुर्विध कसोटी, म्हणजे कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी स्वतःला विचारायचे चार प्रश्न, १९३२ साली हर्बर्ट टेलर यांनी आपल्या बुडत्या कंपनीसाठी लिहिली होती आणि तिच्यातला दुसरा प्रश्न ‘हे सर्व संबंधितांना न्याय्य आहे का’ असा आहे. आम्ही त्याचा अर्थ सरळ घेतला: तीन दरपत्रके मागवायची, सदस्याचा दर सर्वांत कमी असेल तर त्याच्याकडून घ्यायचे आणि निर्णयाच्या वेळी त्याने खोलीबाहेर बसायचे. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँट या मोठ्या अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा आणि दोन देशांतल्या क्लबांचा लागतो. पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागू नये. प्रांतपालांकडून, म्हणजे रोटरीच्या आपल्या प्रांताच्या प्रमुखांकडून, मिळणाऱ्या लहान अनुदानातून एक काम पुरे करून त्याचा अहवाल वेळेत पाठवावा.

जूनमध्ये

नियोजित अध्यक्षांना जानेवारीपासून प्रत्येक कार्यकारिणीला शेजारी बसवावे. हस्तांतराच्या वेळी फाइलबरोबर एक साधी वहीही द्यावी. तिच्यात मंडपवाल्याचा खरा दर, कोणत्या हॉलचा कोणता प्लग चालत नाही, कोणत्या सदस्याला मधुमेह आहे म्हणून त्याचा चहा वेगळा सांगायचा, कोणत्या शाळेच्या मोटरीची चावी शिपायाच्या घरी असते आणि कोणत्या माजी अध्यक्षांचे निमंत्रण प्रत्यक्ष जाऊनच द्यावे लागते, हे लिहिलेले असावे. आमच्या वहीत आतापर्यंत सात अध्यक्षांची हस्ताक्षरे झाली आहेत. पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलने लिहिले आहे: ‘घंटेचा दांडा सैल आहे, जोराने मारू नये.’ तो अजून कोणी बसवून घेतलेला नाही.